जुना बेस घेताना: ‘थोडा बझ आहे’ म्हणजे नेमकं काय?

पत्र: नाशिकला आमचा पाच जणांचा भावगीतांचा ग्रुप आहे. सोसायटीचे गणपती, कोजागिरी, एखादं लग्न, एवढीच आमची धाव. बेसचं, म्हणजे खर्जाच्या सुरांचं, काम आजवर कीबोर्डवाला डाव्या हाताने उरकायचा. आता ते मी करावं असं ठरलंय. कॉलेजात साधी गिटार वाजवायचो. बजेट सगळं मिळून 15,000. दोन जाहिराती पाहिल्यात. एक ठाण्याची: इबानेझ कंपनीचा बेस गिटार जीएसआर200, चार तारी, 13,500 रुपये, ‘दोन वर्षं तारा सैल करून ठेवलाय, थोडा बझ आहे, बाकी कंडिशन एक नंबर’. दुसरी इथलीच: नाव नसलेला पाच तारी, नव्यासारखा, 9,000. पाचवी तार पुढे उपयोगी पडेल असं मित्र म्हणतात. माझे हात लहान आहेत. कुठला घेऊ, आणि बघायला गेल्यावर काय बघू?

उत्तर: ठाण्याचा बघायला जा. पण 13,500 ला नको. आणि तो ‘थोडा बझ’ कुठून येतोय हे कळल्याशिवाय पैसे काढू नका. बझ म्हणजे थरथरणारी तार कुठल्यातरी फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या (लांब दांड्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्टीला, घासून येणारी खरखर. तिची कारणं चार-पाच असतात. काही पाना अर्धा फिरवला की जातात, आणि एखादं असं असतं की बेस परत ठेवून घरी यावं. जाहिरातीतला ‘थोडा’ हा शब्द त्यांतलं कुठलं ते सांगत नाही.

पहिलं काम जाण्याच्या आदल्या दिवशीचं. विक्रेत्याला फोन करून सांगा, ‘तारा स्टँडर्ड ट्यूनिंगला (जाडीकडून ई, ए, डी, जी) लावून ठेवा, मी उद्या येतो.’ चार तारांची मिळून ओढ 70 ते 80 किलोंच्या घरात असते. नेकच्या आतला ट्रस रॉड नावाचा लोखंडी दांडा त्या ओढीला उलट बाजूने तोलून धरतो. दोन वर्षं तारा सैल, पण दांडा मात्र पूर्वीइतकाच आवळलेला, म्हणजे नेक मागच्या बाजूला वाकलेली असण्याची शक्यता बरीच. मग नटजवळच्या (नट म्हणजे नेकच्या टोकाची, तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) फ्रेटवर तार घासणारच. तुमच्या जाहिरातीतला बझ हाच असेल तर ती चांगली बातमी आहे. रात्रभर तारा ताणून राहिल्या की नेक थोडी पुढे येते आणि सकाळी तुम्हाला तिची खरी अवस्था दिसते. सैल तारांच्या बेसवर कुठलीच तपासणी करता येत नाही. विक्रेता म्हणाला, ‘तुम्ही आल्यावर लावू’, तर तिथे तासभर थांबायची तयारी ठेवा.

बरोबर न्यायच्या वस्तू: स्वतःची गिटार केबल, नवी 9 व्होल्टची बॅटरी, मोबाइलमध्ये ट्यूनरचं अ‍ॅप, पाच जुनी एटीएम कार्डं, टॉर्च. केबल स्वतःचीच हवी. नाहीतर खरखर झाली की ‘ती केबलची आहे हो’ हे उत्तर ठरलेलं असतं. विक्रेत्याकडे अ‍ॅम्प नसेल तर जवळच्या एखाद्या रिहर्सल स्टुडिओत अर्ध्या तासासाठी भेटायचं ठरवा. प्लग न लावता बेस घेऊ नका.

हातात आल्यावर आधी नेक. बेस आडवा धरून हेडस्टॉकच्या (जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या) टोकाकडून, बंदुकीचा नेम धरावा तसं, नेकच्या दोन्ही कडांवरून बघा. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड वर, एक खाली अशी पिळवटलेली दिसली तर नमस्कार करून निघा. पीळ पडलेली नेक सरळ करण्याचा खर्च या किमतीच्या बेसला परवडत नाही. नेक जिथे बॉडीत बसते तिथेही टॉर्च मारा. रंगाला केसासारखी बारीक चीर चालते, लाकडात गेलेली चालत नाही.

पुढे किंवा मागे कललेली नेक मात्र दुरुस्त होते, आणि ती मोजताही येते. सर्वात जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाबा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताने. आता ताणलेली तारच तुमची फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट हवी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. एटीएम कार्ड 0.76 मिलिमीटर जाड असतं. तेच सहज शिरलं तर नेक फार पुढे आलीय. फटच नसेल, तार फ्रेटवर टेकलेली असेल, तर नेक सपाट आहे किंवा मागे गेलीय.

आता ट्रस रॉड. या मॉडेलमध्ये तो आवळायचा नट (तारांच्या खाचांचा नट वेगळा) हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली असतो. झाकण काढायला विक्रेत्याची परवानगी घ्या, आणि त्याने कां-कूं केलं तर कारण विचारा. नटची कड घासून गोल झाली असेल, तर मागे कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना घालून जोर केलाय. पाना नीट बसत असेल तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने आवळलं की नेक मागे जाते, उलट सैल केलं की पुढे येते. तुमच्या बाबतीत बहुधा सैलच करावा लागेल. नट हलला, फट बदलली, की काम झालं. तो जिवंत आहे एवढंच तिथे बघायचं, बारीक जुळणी घरी. आवळायला गेल्यावर नट पुढे सरकतच नसेल आणि नेक तरीही पुढे वाकलेली असेल, तर रॉड संपलाय. तो बेस फुकटातही महाग.

नेक ठीक असेल तर मग बझचा माग काढा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, एकेक, मध्यम जोराने. कंटाळवाणं आहे, पण चार तारा गुणिले 22 फ्रेट, दहा मिनिटांत उरकतं. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबली की थांबते? नटची खाच जास्त खोल गेलीय, नवा नट बसवावा लागेल, काम छोटं. नटकडच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळ्याच तारा खरखरतात? वर सांगितलेली मागे गेलेली नेक. बाराव्याच्या पुढेच खरखर आहे? तारा फार खाली बसवल्यात, ब्रिजवरचे (बॉडीवर तारा अडकतात त्या पट्टीवरचे) सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे छोटे आधार, थोडे उचलून बघायचे. सॅडल उचलूनही ती तशीच राहिली, तर नेकचा बॉडीजवळचा शेवटचा भाग उचलला गेलाय आणि तिथले फ्रेट घासावे लागतील. आणि एकाच जागी, एकाच फ्रेटवर खरखर असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच झालेला असतो. हे पडताळायला एटीएम कार्ड उभं धरून त्याची कड तीन लागोपाठच्या फ्रेटवर टेकवा, तारांच्या मध्ये, फिंगरबोर्डला लंब. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत कार्डाची लांब कड पुरते, बाराव्याच्या आसपास आखूड. कार्ड पाळण्यासारखं डुललं तर मधला फ्रेट उंच. कधीकधी तो नुसता सुटून वर आलेला असतो आणि कारागीर तो ठोकून बसवतो.

एक सूचना मात्र हवी. प्लग न लावता ऐकू येणारी प्रत्येक खरखर दोष नसते. खाली बसवलेल्या तारा जोरात ओढल्या की जवळपास प्रत्येक बेस थोडा खडखडतो, आणि अ‍ॅम्पमधून त्यातलं काहीच ऐकू येत नाही. अ‍ॅम्पमधून ऐकू येते तीच खरखर भावात धरायची. तसंच पातळ जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विरतो. तिथे सुराची कंपनं नेकच खाऊन टाकते. बोल्टने जोडलेल्या लाकडी नेकचा हा जुना स्वभाव आहे, महागड्या बेसमध्येही सापडतो. त्यावरून घासाघीस करू नका, विकणाऱ्याला माहीत असेल तर तो हसेल.

फ्रेटची झीज तारेच्या बरोबर खाली, पहिल्या पाच-सहा फ्रेटवर बघा. बेसच्या तारा जाड आणि खरबरीत, त्यामुळे फ्रेटवर खाचा पडतातच. नख फिरवल्यावर जेमतेम जाणवतील अशा खाचा चालतील. नख अडकतंय इतक्या खोल असतील तर फ्रेट घासून समतल करणं आलं, आणि ते हजारांतलं काम आहे. सगळे फ्रेट बदलायचे म्हणजे या बेसच्या निम्म्या किमतीला हात घालणं. दोन वर्षं तारा सैल म्हणजे बेस वाजलाच नाही, तर खाचाही कमी दिसायला हव्यात. ‘दोन वर्षं वाजवला नाही’ आणि फ्रेटवर खोल खाचा, हे एकत्र दिसलं तर त्याआधी तो रोज स्टेजवर वाजत होता एवढं समजायचं. ते वाईट नाही, पण भाव त्याप्रमाणे.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर बघा. तीन एटीएम कार्डं एकावर एक म्हणजे जवळपास 2.3 मिलिमीटर. जाड ई तारेखाली ती अलगद बसली तर उंची झकास. पाचही सहज जात असतील तर सॅडल खाली करता येतात का ते बघा. सॅडलचे बारीक स्क्रू ठाण्याच्या दमट हवेत गंजून बसलेले असू शकतात. अ‍ॅलन की घालून एक तरी हलवून दाखवायला सांगा.

मग प्लग. प्रत्येक नॉब शून्यापासून पूर्ण फिरवा. करकर आली तर नॉबच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की बहुधा जाते. जॅकमध्ये केबल हलवल्यावर आवाज येतो-जातो? जॅकचं सोल्डर सुटलंय किंवा पत्ती सैल आहे, शेकड्यांतलं काम. ही दोन्ही कामं घाबरवणारी वाटतात, पण सर्वात स्वस्त हीच. घासाघिशीत मात्र ती जोरात मांडा.

या बेसवर दोन पिकअप (तारांची कंपनं उचलणारे चुंबक-कॉइल) आहेत. नेककडचा दोन तुकड्यांचा, ब्रिजकडचा सरळ पट्टी. जाहिरातींमध्ये ‘पीजे’ लिहितात ते हेच. फेंडर कंपनीने 1951 मध्ये काढलेला प्रिसिजन बेस आणि 1960 मधला जॅझ बेस यांच्या पिकअपची ही जोडी. दोन तुकड्यांचा पिकअप प्रिसिजनवर 1957 पासून आला. त्याचा एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा पातळ दोन तारांखाली असतो. म्हणून चारही तारा सारख्या जोराने वाजवून बघा. एका जोडीचा आवाज दबका असेल तर तो तुकडा फार खाली बसलाय, स्क्रू फिरवून वर येईल, किंवा त्याच्या कॉइलमध्ये बिघाड आहे. नंतर एकेक पिकअप बंद करून दुसरा ऐका. फक्त ब्रिजकडचा सुरू ठेवल्यावर थोडी गुणगुण येईल. एकेरी कॉइलचा तो गुण आहे, दोष नाही. पण गुणगुण तारांना हात लावल्यावर कमी व्हायला हवी. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजखाली जाणारी अर्थिंगची वायर सुटलेली आहे.

आणि तारांना हात लावल्यावर चुरचुर किंवा झटका जाणवला तर तिथेच थांबा. हा बेसचा प्रश्न नाही, अ‍ॅम्पच्या किंवा घरातल्या सॉकेटच्या अर्थिंगचा आहे. तो जिवावर बेतू शकतो. सोसायटीच्या मांडवात एक्स्टेंशन बोर्डाची तिसरी पिन कुणी मोडलेली नाही ना, हेही दर वेळी बघत चला.

जीएसआर200 मध्ये खर्ज वाढवणारा एक नॉब आहे, त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते. मागचं झाकण उघडून बघा. दोन वर्षं तीच बॅटरी आत राहिली असेल तर ती पाझरून टोकांवर हिरवट-पांढरी पूड जमलेली असू शकते. पूड साफ होते, टोकं खाऊन गेली असतील तर क्लिप बदलावी लागते. स्वतःची नवी बॅटरी लावून मगच तो नॉब तपासा. पुढे वापरताना एवढं लक्षात ठेवा की अशा बेसमध्ये केबल खुपसली की बॅटरी सुरू होते, अगदी आवाज शून्यावर असला तरी. वाजवून झालं की केबल काढायची.

जुन्या तारांचा आवाज मातीत दाबल्यासारखा येईल. त्यावरून बेसला नाव ठेवू नका. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागायला हवा, पण गंजलेल्या तारांमुळे तोही फसवा लागतो, त्यामुळे ती तपासणी नव्या तारांवरच खरी.

आता भाव. दुकानात फोन करून याच मॉडेलचा आजचा नवा दर विचारा. विक्रेत्याने कितीला घेतला होता याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. चालू स्थितीतला, नीट वाजणारा जुना बेस त्या दराच्या साधारण 60 टक्क्यांना घ्यावा असं आमचं मत. 70 च्या वर जात असेल तर थोडे पैसे घालून वॉरंटीवाला नवाच बरा. समजा नवा दर 22,000 निघाला. 60 टक्के म्हणजे 13,200. पण तुमचा चालू स्थितीत नाही. तारा नव्या घ्याव्या लागतील, त्याचे 2,000 धरा, आणि सेटअपचे (कारागिराकडच्या जुळणीचे) 1,000. म्हणजे 10,000 च्या आसपास थांबा. तुमच्या 15,000 मध्ये हेच बसतं: बेस 10,000, तारा आणि सेटअप 3,000, उरलेल्या 2,000 मध्ये बरी केबल, पट्टा आणि कानात ऐकायला हेडफोन अ‍ॅम्प. मोठा अ‍ॅम्प आत्ता अजिबात नको. ग्रुपकडे मिक्सर असणारच. त्याला बेस थेट लावला तर आवाज मरतो, मधे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) लागतो. तो साउंडवाल्याकडे असतो, आधी सांगून ठेवा. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पवर घरात हळू वाजवायला हरकत नाही, पण कार्यक्रमाच्या आवाजाला नेलात तर त्याचा स्पीकर फाटू शकतो.

पैसे वस्तू हातात आल्यावर. ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय, 2,000 टाकून बुक करा’ म्हणणाऱ्याला येऊ दे म्हणावं ते गिऱ्हाईक.

पाच तारीबद्दल. तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदी वाऱ्यावरचं नाही. गाणारे काळी दोन घेऊन बसले की खालचा सा चार तारी बेसच्या मोकळ्या ई तारेच्या जेमतेम अर्धा सूर खाली पडतो, आणि हात चुळबुळतो. पण तिथे एक सप्तक वरचा सा, म्हणजे ए तारेचा सहावा फ्रेट, भावगीतात उलट जास्त स्पष्ट ऐकू येतो. अगदीच हवा असेल तर त्या गाण्यापुरती ई तार अर्धा सूर उतरवता येते. पाचव्या बी तारेचा मोकळा सूर 31 हर्ट्झच्या आसपास असतो. तो सोसायटीच्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. स्वस्त पाच तारी बेसमध्ये तीच तार दोरीसारखी लुळी पडते, सूर कुठे सुरू झाला ते कळत नाही. शिवाय नेक रुंद. नाव नसलेल्या बेसचं ट्रस रॉड आणि ब्रिजचं काम निघालं तर सुटे भागही मापाचे मिळत नाहीत, आणि उद्या विकायला काढलात तर घेणारा नाही.

लहान हातांची काळजी रास्त आहे, पण बेस सोडून द्यावा इतकी नाही. साध्या गिटारवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर पावणेदहा सेंटिमीटर भरतं, 34 इंची बेसवर ते 13 सेंटिमीटर होतं. म्हणून पहिल्या पाच फ्रेटमध्ये चार बोटं चार फ्रेटवर ताणायचीच नाहीत. तर्जनी, मधलं, आणि अनामिका-करंगळी जोडीने, असं तीन फ्रेटचं घर धरून हात सरकवायचा. कॉन्ट्राबेसवाले (व्हायोलिनसारखा मोठा, उभा बेस वाजवणारे) पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. इबानेझच्या या मालिकेची नेक सडपातळ आहे, ती तुमच्या बाजूने. तरी ठाण्यात पंधरा मिनिटं उभं राहून, पट्टा लावून वाजवा. मनगट दुखलं तर 30 इंची छोट्या मापाचे बेस मिळतात, स्क्वायरचा ब्रॉन्को त्यातला. जुन्या बाजारात ते कमी येतात, वाट बघावी लागेल. लगेज काट्याने वजनही करा. साडेचार किलोंच्या वर गेला तर दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलू लागतो.

घेऊन आलात की लगेच सेटअपला टाकू नका. ठाण्याच्या ओलसर हवेतली नेक नाशिकच्या कोरड्या हवेत आली की लाकूड आक्रसतं आणि फट पुन्हा बदलते. नव्या तारा चढवा, स्टँडर्ड ट्यूनिंगला ठेवा आणि आठ-दहा दिवस वाजवा. तळहात नेकच्या कडेवरून फिरवल्यावर फ्रेटची टोकं टोचू लागली तर तेही याच आक्रसण्याचं लक्षण आहे, कारागीर कानशीने ती मऊ करून देतो. मग जुळणी या क्रमानेच: आधी ट्रस रॉड, नंतर तारांची उंची, शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर. तो दाबल्यावर चढा लागला तर सॅडल मागे, उतरता लागला तर पुढे. क्रम उलटा केला तर पहिल्या दोन गोष्टींनी तिसरी बिघडते आणि तेच काम दोनदा करावं लागतं.